मिठाच्या ग्रहाचं पारायण

त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, कुंकवाचं एक बोट उमटलेलं आहे. आता ते विटकरी झालंय. ज्याला माहीत नाही त्याला तो गंजाचा डाग वाटेल, किंवा चित्रकारानेच काढलेला एखादा तांबडा तारा, कारण ते पान सगळं आकाशाचंच आहे. बोट माझ्या सासूबाईंचं.

पुस्तक फ्रेंच आहे. मोठ्या आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं, आत पानभर चित्रांच्या चौकटी. तिकडे त्याला अल्बम म्हणतात. त्यांच्या विज्ञानकथांमध्ये हा अल्बम अभिजात मानला जातो, हे मला फार नंतर कळलं. मला तो लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये, जुन्या वस्तूंच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, लहान मुलांच्या पुस्तकांच्या खोक्यात मिळाला. गल्ल्यावरच्या आजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "इट्स ऑल इन फ्रेंच, लव्ह." मी म्हटलं, मला येतं. हे सांगताना मला केवढा आनंद झाला होता! त्या देशात येऊन वर्ष होत आलं होतं, आणि मला काहीतरी येतं असं सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

पुण्यात मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायचे आणि संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गाला जायचे. त्या फ्रेंचचं पुढे काय करायचं हे वर्गातल्या कुणालाच ठाऊक नसायचं. मग लग्न झालं, नवऱ्याला इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी त्याच्या मागोमाग आले. तिथे नोकरीसाठी मी जेवढे अर्ज केले तेवढी अतिशय सभ्य भाषेतली नकाराची पत्रं आली. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता. बाहेरून काँक्रीटचा उघडा जिना, आत दोन खोल्या, आणि बसायच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या घरांची मागची बाजू दिसायची. नवरा सकाळी अंधारात जायचा आणि अंधारातच परत यायचा. अल्बम घरी आणला त्याच दुपारी मी तो एका बैठकीत वाचून काढला आणि कपाटावर ठेवून दिला.

सासूबाई सप्टेंबरात आल्या. सासरे आदल्या वर्षी गेले होते. मिरजेच्या घरात त्या एकट्याच होत्या, पण त्यांना ते एकटेपण वाटत नसावं. पुढच्या खोलीत त्यांचा ब्लाउज शिवायचा वर्ग चालायचा, दिवसभर मुलींची ये-जा. मुलाने फारच धरलं म्हणून त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. येताना गळ्यातली टेप तशीच गळ्यात होती आणि कमरेला छल्ल्यात घराच्या किल्ल्या. "अहो आई, किल्ल्या कपाटात ठेवा की," असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "कपाट तुझं. किल्ल्या माझ्या." हसून म्हणाल्या, पण छल्ला काढला नाही.

नोव्हेंबरात बसस्टॉपजवळच्या ओल्या पानांवरून त्यांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, ते नीट झालं. पण त्या निमित्ताने ज्या तपासण्या झाल्या त्यात हृदयाची एक झडप फार खराब झाल्याचं निघालं. अँब्युलन्सवाल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून आमचा जिना चढवला. खुर्ची उचलताना त्यातला एक जण म्हणाला, "होल्ड टाइट, ममा." सासूबाई मला म्हणाल्या, "पालखीच निघाली की गं माझी." वर आल्या, आणि मग खाली उतरायचं राहूनच गेलं.

जानेवारीतलं परतीचं तिकीट पुढे ढकललं, व्हिसाही वाढवून घेतला. ज्या दिवशी ते ढकललं त्या दिवशी नवरा स्वयंपाकघरात आला, त्याने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात मला सांगितलं, "कन्सल्टंट म्हणतात तिला विमानात बसवता येणार नाही. आत्ता नाही, नंतरही नाही. झडपेचं ऑपरेशन या वयात, या तब्येतीत ते करणार नाहीत."

"मग आईंना काय सांगायचं?"

"वसंतात बघू, असं सांगितलंय मी. तू काही बोलू नकोस. ती हाय खाईल."

मी बोलले नाही. तो डॉक्टर होता आणि आई त्याची होती. मी नळ बंद केला.

मग आम्ही दोघी त्या बसायच्या खोलीत राहू लागलो. राहू लागलो म्हणजे खरोखरच. त्यांचा पलंग तिथेच हलवला होता. हॉस्पिटलकडून आलेली उंच खुर्ची, चालायची फ्रेम, कमोड, असं सगळं सामान रेडिएटरच्या भोवती मांडलेलं. त्यांना एकटं सोडायचं नाही, म्हणून मीही बाहेर पडत नसे. साडेतीन वाजता खिडकीत अंधार जमायला लागायचा. दुहेरी काचेमुळे बाहेरचा आवाज आत येत नसे. लंडनकडे जाणाऱ्या गाड्या दूर रुळांवरून जायच्या त्या आवाजाने कळायच्या नाहीत, काचेला लावलेल्या बोटाला कळायच्या. सासूबाईंना हा खेळ मीच शिकवला. मग त्या खुर्ची खिडकीशी ओढायला लावून काचेला बोट टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, "गेली बघ एक. सुटली बिचारी."

संकष्टीला त्या उपास करायच्या. इंग्लंडमधला चंद्र दिसायची पंचाईत, ढगांमुळे आठवडेच्या आठवडे आकाशाचा पत्ता नसे. त्या मिरजेहून आणलेल्या कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ बघायच्या, घड्याळात तिकडची वेळ मोजायच्या आणि आमच्याकडे दुपारचा उजेड असतानाच आरती करून मोकळ्या व्हायच्या. मी म्हटलं, "आई, इथला चंद्र अजून उगवायचाय." त्या म्हणाल्या, "इथल्या चंद्राची आणि माझी ओळख नाही."

अशाच एका दुपारी मी कपाटावरून तो अल्बम काढला. त्या टाके घालत बसल्या होत्या, मी समोर बसून पानं उलटत होते.

"काय वाचतेस गं एवढं?"

"गोष्ट आहे. फ्रेंच."

"बघू. अगंबाई, ही तर चित्रं! एवढी शिकलेली तू, आणि चित्रांचं पुस्तक?"

"मोठ्यांसाठी असतं हे तिकडे."

त्यांनी चष्मा चढवला. पहिल्या पानावर अंतराळातून उतरणारं जहाज होतं आणि त्याच्या दारात उभी असलेली, लांब राखाडी अंगरख्यातली बाई. सासूबाईंनी बोटाने त्या अंगरख्याच्या कडा चाचपल्या, जणू कापडच आहे. "ह्याला शिवण कुठाय? आणि ही घालते कशी हा? डोक्यातून?" मग म्हणाल्या, "वाच. काय म्हणतेय बघू ती."

मी मराठीत सांगत गेले. एक ग्रह आहे, सगळा मिठाचा. जमीन मिठाची, डोंगर मिठाचे, वाराही खारा. तिथला उजेड वेगळा आहे म्हणून तो मोजायला ह्या बाईला एकटीला पाठवलंय. जहाजाचा कप्तान सांगतो की, तो धाकटा चंद्र पूर्ण गोल झाला की मी तुला न्यायला येईन. आणि जहाज जातं.

पान संपलं. मी पुढचं उलटणार तेवढ्यात त्यांनी हात धरला.

"थांब. एका दिवशी एकच. पोथीसारखं. नाहीतर हा डोंगराएवढा दिवस मी कशात घालवू?" मग जरा विचार करून, "आणि अध्याय अर्धा टाकायचा नाही, पुढचं आधी बघायचं नाही. पारायणाचे नियम माहितीयत ना तुला?"

त्यांनी ते थट्टेनेच सुरू केलं होतं. देवापुढच्या कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवून पहिल्या पानाच्या कोपऱ्याला लावलं ते हसत हसतच. पण दुसऱ्या दिवशी दुपारचं आवरल्यावर त्यांनी स्वतःच्या पेटीतून एक जांभळा खण काढला आणि म्हणाल्या, "ह्यात बांधून ठेवत जा. आता सुरू केलंय ना." त्यानंतर थट्टा राहिली नाही. त्या हातपाय पुसून घ्यायच्या, फ्रेमला धरून खुर्चीत येऊन बसायच्या, मी खण सोडायचे.

वॉटफर्डच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक बाई एकदा डबा घेऊन आल्या. खणात बांधलेलं पुस्तक बघून त्यांनी लांबूनच हात जोडले. "कुठली पोथी वाचता, मावशी?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मिठाची." बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान. मन रमतं." त्या गेल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाईंना धाप लागली आणि मला भीती वाटली.

गोष्टीतला चंद्र मोठा होत होता. बाई रोज काचेच्या नळ्यांत उजेड गोळा करायची, नळीला बूच लावायची, फळीवर मांडून ठेवायची. काही नळ्यांत पहाटेचा निळा उजेड, काहींत संध्याकाळचा पिवळा. मिठाचे कण तिच्या केसांत बसत होते, बाह्यांवर चढत होते. चित्रकाराने ते इतकं सावकाश दाखवलंय की पानागणिक लक्षात येत नाही, मागे जाऊन पाहिलं की दचकायला होतं. आणि चंद्र जवळजवळ गोल व्हायचा. एक बारीकशी कड उरायची, आणि मग तो पुन्हा लहान व्हायला लागायचा.

"चतुर्दशीलाच अडकलाय मेला," सासूबाई म्हणाल्या. "पौर्णिमा होऊच देत नाही तिला."

मला शेवट माहीत होता. मी तो अल्बम आधी वाचलेला होता, आणि नियम तोडायलाही उशीर झाला होता. एरवी एखादी पोथी अशी असती तर मी शेवटचा अध्याय बदलून सांगितला असता. ऐकणाऱ्याला काय कळणार! पण इथे शब्दांच्या आधी चित्र दिसत होतं. त्या चष्मा लावून, पानावर वाकून बघायच्या. चित्राला मराठीत फिरवता येत नव्हतं. मला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, ती म्हणजे हळू जाणं. मी अर्ध्या पानाला अध्याय म्हणायला लागले. मिठाच्या डोंगरांचं वर्णन करत बसले.

"पाल्हाळ लावतेस तू," त्या एकदा म्हणाल्या. "त्या फुग्यात दोन शब्द आहेत. तू केव्हाची बोलतेयस."

"फ्रेंच भाषाच तशी आहे, आई. थोडक्यात फार असतं."

"असेल." त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "मुलगी मापं चुकवते ना, तेव्हा ती सारखी टेप झटकते. मला माहितीय."

नवरा संध्याकाळी यायचा, बूट काढता काढता आईला विचारायचा, आज कसं वाटतंय? त्या विचारायच्या, "तिकीट कधीचं बघतोस?" तो म्हणायचा, "बघू ना. थंडी जरा कमी होऊ दे." मग त्या म्हणायच्या, "बरं." त्या खोलीत आम्ही तिघंही एकाच गोष्टीभोवती, तिला धक्का न लावता, फ्रेम, खुर्ची आणि कमोड यांच्यामधून वाट काढल्यासारखे वावरत होतो. कधीकधी मला वाटायचं, जिना उतरून सरळ स्टेशनवर जावं आणि येईल त्या गाडीत बसावं. मी जिन्याच्या दारापर्यंत जायचे, कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायचे आणि परत यायचे.

झाडांना नुसते कोंब दिसायला लागले होते तेव्हा शेवटचं पान आलं. आणखी लांबवता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपार होती, कधी नव्हे ते ऊन होतं. मी खण सोडला.

पानाच्या वरच्या पट्टीत जहाज उतरत होतं. चंद्र तसाच होता, कड उरलेला. कप्तान वाट बघून कंटाळला असावा, किंवा त्याला उशिरा चूक कळली असावी, फ्रेंचमध्ये त्याचा खुलासा नाही.

"आली की गं होडी!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा लख्ख मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

दुसऱ्या चौकटीत बाई जहाजाच्या दारात उभी होती. तिसऱ्या चौकटीत तिने आतल्या हवेचा एक श्वास घेतला होता आणि छातीवर हात ठेवला होता. चौथ्या चौकटीत ती एक पाऊल मागे, मिठावर, आली होती. ह्या चौकटींत शब्द नाहीत. मला वाचायला काहीच नव्हतं. सासूबाई एकेका चौकटीवर बोट ठेवत गेल्या, पुन्हा मागे आल्या, पुन्हा गेल्या.

"तिला आता तिकडची हवा सोसत नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे जाता येत नाही तिला."

"नाही."

"कप्तानानं सांगितलं तिला, की तिचं तिनंच ओळखलं?"

"तिनं ओळखलं."

"मग बरं," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी पुस्तकावरचं बोट उचललं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि माझं गं?"

नवऱ्याने मला बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. पण पान समोर उघडं होतं, आणि त्या चित्रासमोर बसून वसंतात बघू असं म्हणणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, आई, विमानात बसता येणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. रेडिएटरवर वाळत घातलेला त्यांचा एक मोजा खाली पडला होता, तो उचलून मी परत ठेवला, कारण मला काहीतरी करायला हवं होतं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तो माझ्याशी बोलताना बुटांच्या लेसकडे बघतो. शाळेत होता तेव्हापासून. नापास झाला की लेस सोडत बसायचा, सोडून झाली की पुन्हा बांधायचा. मी वाट बघत होते कुणी सांगतंय का. कुणी सांगितलं नाही तर बाईमाणसाने आवरायचं कसं?" मग पुस्तकाकडे हात केला. "खाली अजून एक चित्र आहे. ते वाच."

खालच्या लांब चौकटीत बाई कप्तानाला काचेच्या नळ्या देत होती, एकामागून एक, दारातूनच. तिचं बोलणं एवढंच आहे: हे घेऊन जा, तिकडे अंधार असेल तेव्हा उघडा.

सासूबाईंनी ते ऐकलं. छल्ला कमरेवरून काढताना त्यांना त्रास झाला. ऑपरेशननंतर त्या बाजूला हात वळत नसे. मी मदत करायला गेले तर त्यांनी मान हलवली. किल्ल्या सोडवून त्यांनी माझ्या हातात दिल्या. "ती डबा घेऊन येते ना, तिच्या भाचीचं लग्न आहे म्हणे सांगलीला. तिच्याकडे दे. आणि फोन लाव मला."

मी फोनकार्ड खरवडलं, तो लांबलचक नंबर फिरवला. पलीकडे त्यांच्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी होती. सासूबाई मोठ्याने बोलल्या, परदेशातून बोलायचं म्हणजे मोठ्यानेच. "किल्ल्या येतील तुझ्याकडे. पुढची खोली उघड, वर्ग सुरू कर. पहिल्या मशीनला तेल दे, दुसऱ्याचा पट्टा बदलून घे. कात्र्या मधल्या फडताळात आहेत. नाही, मी येणार नाही. अगं, येणार नाही म्हणते ना! रडतेस काय, मोठी झालीस आता. बाहीचा गोल नीट शिकव त्यांना, तुझा अजून चुकतो."

फोन ठेवला आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. मी पुस्तक मिटून खणात बांधायला लागले.

"थांब," त्या म्हणाल्या. "समाप्ती करून ठेवू नये. आमच्याकडे शेवटचा अध्याय झाला की लगेच पहिल्याच्या चार ओळी वाचतात. सुरू करून ठेवायचं."

मी पहिलं पान उघडलं. कोपऱ्यात त्यांचं कुंकू होतं. जहाज उतरत होतं आणि ती बाई दारात उभी होती, अंगरखा स्वच्छ, केस काळे, मिठाचा एक कणसुद्धा नाही. मी पहिल्या चौकटीतल्या चार ओळी वाचल्या. सासूबाई म्हणाल्या, "किती लहान दिसतेय."

संध्याकाळी नवरा आला. बूट काढायला वाकला. त्या म्हणाल्या, "अरे, लेस राहू दे. तुझ्या बायकोनं सांगितलंय मला. तिच्यावर चिडू नकोस." तो तसाच वाकलेला राहिला. मग जिथे होता तिथेच, दाराशी, जमिनीवर बसला. मी स्वयंपाकघरात गेले. ह्या वेळी नळ सोडला नाही.

त्यानंतरचे त्यांचे दिवस बरे गेले. त्या तिकिटाबद्दल विचारत नसत. एका संकष्टीला आकाश चुकून मोकळं होतं, तेव्हा त्यांनी दिवा लावायला इथला चंद्र उगवेपर्यंत थांबायचं ठरवलं. तो समोरच्या घरांच्या धुराड्यांमागून वर आला. "हाही बरा आहे," त्या म्हणाल्या. झाडांना पूर्ण पानं फुटली त्या सुमारास त्या सकाळच्या झोपेतच गेल्या.

अँब्युलन्सवाले नव्हते, दुसरे लोक आले. तो जिना त्या स्वतः उतरल्या नाहीत, उतरवल्या गेल्या. दहनाला तारीख मिळायला वेळ लागला. तोवर आम्ही घरातच होतो, मंडळातल्या बायका डबे आणत होत्या, खुर्ची आणि फ्रेम परत न्यायला कुणी येत नव्हतं. त्या खोलीत मला बसवत नसे आणि दुसरीकडे बसायला जागा नव्हती.

सगळं होऊन गेल्यावर एका दुपारी नवरा घरी होता. तो त्या उंच खुर्चीत बसला. त्या खुर्चीत बसून खिडकीतून काय दिसतं हे त्याला माहीत नसावं, कारण त्याने बराच वेळ बाहेर पाहिलं. मी त्याला काचेला बोट लावून गाडी कशी ओळखायची ते दाखवलं. एक गेली. मग तो खणाकडे बघून म्हणाला, "हेच का ते, मिठाचं?"

"हेच."

"कुठवर आलं होतं तुमचं?"

"संपलं होतं. मग पुन्हा सुरू करून ठेवलं. चार ओळी झाल्यात."

"म्हणजे अर्धं टाकलेलं आहे."

"हो."

"ते चालत नाही ना? आई म्हणायची." त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवायचा प्रयत्न केला, ती जड होती, मग मीच माझी जवळ घेतली. "वाच."

मी खण सोडला आणि पाचव्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. कप्तान बाईला सांगत होता की तो न्यायला येईल. वाचता वाचता मी एकदा वर पाहिलं. नवऱ्याच्या पायात बूट होते, एका बुटाची लेस सुटलेली होती. तो तिकडे बघत नव्हता. तो पानावर वाकला होता.